एप्रिलमधली द्राक्षं

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातल्या आमच्या पहिल्या घरात जेवणाचं टेबल चार माणसांचं होतं आणि माणसं दोनच, त्यामुळे अर्ध्या टेबलावर कायम इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे. त्या वर्षी फेब्रुवारीत माझे वडील तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत त्या अर्ध्या टेबलावर इटली पसरली. कपडे गेले सोफ्यावर. नवरा म्हणायचा, "आपण इटलीला जाणार आहोत, की इटलीच आपल्याकडे राहायला आली आहे?"

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमारासची गोष्ट. नवऱ्याला आइंडहोवनला नोकरी मिळाली आणि त्याच्या मागोमाग मी पुण्यातली माझी नोकरी सोडून डिपेंडंट व्हिसावर इथे आले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. तासगावजवळ आमची द्राक्षाची बाग आहे आणि अण्णांचा जन्म त्या बागेत गेला. खरं तर आई-अण्णा जोडीनं येणार होते, पण वहिनीचं बाळंतपण नेमकं मार्चमध्ये आलं, म्हणून आई मागे राहिली. त्या वर्षी बागेतला माल लवकर, जानेवारीतच उतरला होता. अण्णांचा व्हिसा झालेला होता, तिकीट हातात होतं. मग ते एकटेच आले, माकडटोपी घालून, पिशवीत बेदाणे भरून.

आठवड्याभरात त्यांचा जीव गुदमरला. पहाटे उठणारा माणूस. उठून करायचं काय? बाहेर अंधार आणि गारठा. अंगणात पडलेली तीन पानं ते झाडून काढायचे आणि मग चौथं पान पडायची वाट बघायचे. दुपारी खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे. रस्त्यावरून एखादी बाई सायकलवर दोन पोरं बसवून जायची, त्यानंतर बराच वेळ काहीच नाही.

"इथं माणसं राहत्यात का नुसती घरंच हायत?" असं त्यांनी एकदा विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता हळूच म्हणाले, "तिकीट बदलता येतं का बघ की. एप्रिलात खरडछाटणी असती."

माल उतरला की वेल पार खालपर्यंत छाटून काढतात, ती खरडछाटणी. ती माझा भाऊ गेली कित्येक वर्षं उत्तम करत होता. म्हणजे छाटणी हे निमित्त होतं, आणि ते निमित्त आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला फार लागलं. किती महिन्यांनी माहेरचं माणूस घरात आलं होतं. सकाळी नवरा गेला की संध्याकाळपर्यंत मराठीत बोलायला मला कुणी नसायचं, आणि आता कुठे स्वयंपाकघरात "मीठ कमी टाकलंस गं" म्हणणारा आवाज होता. त्यांनी तीन महिने राहावं, आणि कंटाळून नव्हे तर आनंदानं राहावं, एवढीच माझी इच्छा होती. मी म्हटलं, "बघते," आणि तिकिटाचं काही म्हणजे काही बघितलं नाही.

मदत आली ती कुंपणापलीकडून. शेजारी एक डच आजी राहायच्या, सत्तरीच्या पुढच्या, ताठ चालीच्या. दर उन्हाळ्यात गाडीला कॅरॅव्हॅन जोडून त्या एकट्या इटलीत जायच्या. त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. डच रीतीप्रमाणे कॉफीबरोबर एकेक बिस्किट मिळालं आणि डबा बंद झाला. अण्णांनी त्या डब्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. मग आजींनी आपल्या सहलींचे फोटो काढले. माझं डच हेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वर्गात शिकलेलं, दुकानापुरतं. तेवढ्यावर मी दुभाष्याचं काम करत होते. अण्णा माना डोलवत होते, पण लक्ष कशातच नव्हतं. आणि एका फोटोवर त्यांचा हात थांबला. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

फोटोत एक टेकडी होती, टेकडीच्या माथ्यावर चिमुकलं गाव, आणि उतारावर खालपर्यंत द्राक्षाच्या ओळी.

"मांडव न्हाई केला ह्यांनी," अण्णा म्हणाले. "नुसता तारेवर चढवलाय वेल. आणि एवढ्या उतारावर! पाणी कसं देत असतील? विचार की त्यांना."

मी विचारलं. आजी म्हणाल्या, देतच नाहीत, पावसावर होतं. हे ऐकून अण्णा खुर्चीत पुढे सरकले. मग माती कसली, ओळीत अंतर किती, बेदाणा करतात का, असे प्रश्न सुरू झाले. बेदाणा नाही, वाईन करतात, असं कळल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला. "चांगल्या मालाची दारू करत्यात व्हय?" हे काही मी भाषांतर करून सांगितलं नाही. पण आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत जीव दिसला होता, आणि मी ती संधी सोडणारी नव्हते.

घरी आल्या आल्या मी म्हटलं, "अण्णा, जाऊ या आपण तिकडं. गाडीनं. त्या गावांमधून."

"कधी?"

"ईस्टरच्या सुट्टीत. एप्रिलमध्ये."

अण्णांनी डोळे मिटून हिशेब केला. "आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चला माल. इथं थंडी जास्त. महिना उशीर धर. एप्रिलात घड बरोबर भरात असतील. जमतंय." मग जरा थांबून, "छाटणी काय, तुझा भाऊ करंल की."

द्राक्षाच्या गावात जन्मलेली आम्ही दोघं. उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्षं येतात, हे आम्हाला सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं माहीत होतं. त्यात विचारायचं काय? नवरा तर पुण्याच्या पेठेतला, त्याला द्राक्षं गाडीवर येतात एवढंच ठाऊक. त्यानं ऑफिसात रजा टाकली, इंटरनेटवर शोधून ला मोरा नावाच्या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्या ठरवल्या, आणि मी टेबलावरचे इस्त्रीचे कपडे उचलले.

आजींनी आपला जुना, घड्यांवर फाटलेला नकाशा आम्हाला दिला. त्या रोज अकराच्या कॉफीला यायला लागल्या. अण्णा नकाशाच्या एका बाजूला, आजी दुसऱ्या बाजूला, मधे मी. आजींनी आमच्या घरापासून बोट ठेवलं आणि लक्झेंबर्ग, बासल, स्वित्झर्लंडचा मोठा बोगदा असं करत सरळ रेषेत इटलीत उतरवलं. मी म्हटलं, हे चालणार नाही. अण्णांचा व्हिसा युरोपातल्या इतक्या देशांना चालत होता, पण स्वित्झर्लंड तेव्हा त्या व्यवस्थेत नव्हता. आजींना हे पटेचना. जन्मभर त्या देशातून त्या अशाच गेलेल्या, कुणी कधी काही विचारलं नव्हतं. "पण रस्ता तर तिथूनच आहे!" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि बोटानं तीच रेषा ओढत होत्या.

अण्णांना मात्र लगेच समजलं. "बांधावरनं जायला शेजारी वाट देत न्हाई, तसलंच हे. मग काय करायचं? वळसा घालायचा." आणि त्यांनी स्वतः पेन्सिल घेऊन स्वित्झर्लंडला वळसा घातला. डिजॉनवरून खाली, मग आल्प्सच्या पोटातला माँ ब्लाँचा बोगदा, आणि पलीकडे इटली. आजींनी ती रेघ निरखून बघितली आणि "खूट, हेल खूट" म्हणजे छान, फारच छान, असं म्हणाल्या. त्यानंतर अण्णांनीही तेच दोन शब्द उचलले आणि पिठल्यापासून हवामानापर्यंत सगळ्याला लावले.

ते दिवस मला आजही आठवले की हसू येतं. गावांची नावं अण्णा मोठ्यानं वाचायचे, तालुक्यातल्या गावांसारखी. "आज नेइवेला मुक्काम ठेवला तर दुसऱ्या दिवशी बारोलो किती लांब पडंल?" संध्याकाळी नवरा ऑफिसातून मार्गाचे छापील कागद घेऊन यायचा आणि अण्णा त्याचा सगळा मार्ग पेन्सिलीनं तपासायचे. "पाव्हणं, हितं तुमचं कॉम्प्युटर चुकलं बघा." नवरा हसून म्हणायचा, "अण्णा, तुम्ही आमच्या टीममध्ये या, टेस्टिंगला माणूस कमी आहे." एवढं होऊन टेबलावर जेवायला जागा नसायची, मग आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

खाण्याचं नियोजन माझ्याकडे होतं. दशम्या, चिवडा, मेतकूट, लसणाची चटणी, आणि राइस कुकर. नवरा म्हणाला, "आपण इटलीला चाललोय, तिथे लोक जेवायला जातात." मी म्हटलं, "तू जेव की." आईला कार्ड घालून फोन केला तर ती म्हणाली, "सुपारीच्या खांडाला न शिवलेल्या माणसाला तू दारूच्या गावाला नेतेस? मी मागं राहिले तर हे धंदे!" मागून वहिनीच्या बाळाचा रडका आवाज येत होता. अण्णा फोन घेऊन म्हणाले, "हेल खूट चाललंय." आई म्हणाली, "काय म्हणाले हे?"

तिकीट बदलायचा विषय पुन्हा निघाला नव्हता. मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

मार्चच्या मध्याला एकदा आम्ही दोघं सुपरमार्केटात गेलो. मी दूध घेत होते आणि अण्णा फळांच्या बाजूला गेले. येईनात म्हणून बघायला गेले तर ते द्राक्षांच्या खोक्यासमोर उभे. हिरवी, लांबट मण्यांची द्राक्षं, आणि लेबलवर 'इंडिया'. मी तर आनंदानं ओरडलेच. "अण्णा, आपली द्राक्षं! आपल्या गावाकडचीसुद्धा असतील!" अण्णांनी एक घड अलगद उचलला, देठ बघितला, एक मणी दोन बोटांत दाबून बघितला. आमचा माल कायम बेदाण्याला जायचा, परदेशी माल पाठवणारे मोठे बागायतदार वेगळे. अण्णा कितीतरी वेळ तिथून हललेच नाहीत. मग म्हणाले, "बोटीनं आली असतील." आम्ही एक डबा घेतला. त्या संध्याकाळी ते नकाशाकडेही गेले नाहीत. मला वाटलं, घरची आठवण आली. आता परत तिकिटाचं काढतात की काय, या धास्तीनं मी त्या दिवशी त्यांच्या आवडीचा झुणका केला. पण सकाळी ते पुन्हा पेन्सिल घेऊन हजर होते, उलट आधीपेक्षा जास्त खुशीत.

आणि मग घोटाळा झाला. कॉफीच्या वेळी अण्णा मला म्हणाले, "आजींना विचार, घड तोडून खाल्ला तर ते लोक रागावतील का?" मी विचारलं. आजींनी कप खाली ठेवला. "एप्रिलमध्ये? एप्रिलमध्ये कुठली द्राक्षं? सप्टेंबरमध्ये असतात. एप्रिलमध्ये नुसत्या काड्या!"

सगळं ठरलं होतं. खोल्यांचे पैसे भरले होते, रजा मंजूर झाली होती, पण मला त्यातल्या कशाचंच काही वाटलं नाही. मला वाटलं ते एवढंच, की हा माणूस आता उठणार, चष्मा खिशात ठेवणार आणि म्हणणार, मग तिकिटाचं बघ. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणत्यात?"

"म्हणतात," मी म्हटलं, "की विचारून तोडा."

आजींना काय भाषांतर झालं ते कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि बरोबर आणलेला आपला बिस्किटांचा डबा अण्णांपुढे सरकवला. एव्हाना तो डबा आमच्यासाठी उघडाच राहायला लागला होता. अण्णांनी दुसरं बिस्किट घेतलं आणि म्हणाले, "हेल खूट."

नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला. "दोन दोन द्राक्षवाले घरात, आणि मला म्हणता, तुला द्राक्षं गाडीवर येतात एवढंच ठाऊक!" मग म्हणाला, "अगं, पुढे ढकलू. सप्टेंबरमध्ये जाऊ."

"सप्टेंबरमध्ये अण्णा कुठे असणार? आत्ता रद्द केलं तर ते आठवड्यात विमानात बसतील. काही बोलू नकोस. तिथे गेल्यावर बघू."

त्यानंतरचे दिवस माझी परीक्षाच होती. अण्णा दर दिवसाआड काहीतरी विचारायचे. घड केवढा असेल? रंग काळा की हिरवा? तुझ्या आईसाठी एक पेटी विमानातून नेता येईल का? मी भांडी घासायला पळायचे. नवरा वर्तमानपत्रामागे तोंड लपवून हसायचा.

निघालो. आमच्या सेकंडहँड गाडीत राइस कुकर माझ्या पायाशी आणि नकाशा अण्णांच्या मांडीवर. डिजॉन मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्रान्समधल्या द्राक्षबागा सुरू झाल्या. मैलोन् मैल बोडक्या काड्या. एक पान नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एकदम मागे वळून म्हटलं, "अण्णा, तिकडं बघा, गाई!" अण्णांनी गाई बघितल्या. मग डाव्या बाजूला बागा आल्या. "अण्णा, चिवडा घ्या!" मग दोन्हीकडे आल्या, तेव्हा मी त्यांना नकाशात काहीतरी शोधायला लावलं. ते शांतपणे शोधत राहिले. नवऱ्याचे खांदे हलत होते.

ला मोराला पोचलो तेव्हा दाट धुकं होतं, हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. एवढा आनंद मला धुक्यानं कधीच दिला नव्हता.

सकाळी जाग आली तर ऊन पडलं होतं आणि अण्णांची खोली रिकामी. खिडकीतून बघितलं. घराच्या खालीच उतारावर बाग होती, फोटोतल्यासारखीच, फक्त हिरवी नव्हती. ओळीच्या मधोमध माकडटोपी दिसत होती. मी चपला घालून धावत खाली गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते, यंदा इकडं थंडी फार पडली, सगळंच उशिरा आहे, वगैरे.

अण्णा उकिडवे बसून एका काडीकडे बघत होते.

"ये. इकडं ये. डोळा कापसलाय बघ."

काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, फुगला होता आणि त्यातून पांढरट लव बाहेर आली होती. तिच्या टोकाला गुलाबी-हिरवा ठिपका. आमच्या बागेत लहानपणी अण्णांनी मला असाच बोटानं दाखवला होता.

"अण्णा, यंदा ना इकडं थंडी…"

"सप्टेंबर," अण्णा म्हणाले.

"काय?"

"सप्टेंबरात येत्यात घड इथं. आजी सांगत हुत्या की तुला. सप्टेंबर कळायला काय डच यायला पाहिजे?"

मी मातीतच बसले. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"त्याच्याबी आधी. दुकानात आपली द्राक्षं बघितली तवाच. इटलीत घड लोंबत असते, तर एवढ्या लांबनं बोटीनं आपला माल कशाला आणला असता ह्यांनी?"

"मग रोज मला विचारत होतात ते? आईसाठी पेटी?"

"तुझं तोंड बघायला. गाईबी चांगल्या दाखवल्यास." अण्णा हसत होते, खांदे हलवून, बागेत गड्यांबरोबर हसायचे तसे.

"पण बोलला का नाहीत?"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि खालपर्यंत गेलेल्या ओळींकडे बघितलं. "बोललो असतो तर पाव्हण्यांनी सहल सप्टेंबरात ढकलली असती. म्हंजे हितं एकच खेप झाली असती. आता डोळे बघितले. घड बघायचं राहिलंय. अर्धी बाग बघून कोण सोडतंय? सप्टेंबरात यायलाच लागणार. तुझ्या आईला घेऊन येतो."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. पहिल्याच आठवड्यात तिकीट बदल म्हणणारा हा माणूस. मी त्याला अडकवायला इटली रचत बसले होते, आणि तो माझ्याकडे परत यायचं निमित्त गुपचूप शिल्लक ठेवत होता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो जरा वेळ धरू दिला, मग म्हणाले, "चल, चहा करून आणलायस का नुसतीच आलीस?"

नाश्त्याला त्यांनी दशमी एका हातात धरून दुसऱ्या हातानं नकाशा उघडला आणि नवऱ्याला म्हणाले, "पाव्हणं, पुढच्या टायमाला स्वित्झर्लंडचा व्हिसा मिळतोय का बघा. वळसा लई पडतो."

सप्टेंबरात ते आले, आईला घेऊन. पहिल्याच सकाळी अण्णांनी नकाशा काढला, पण टेबलाशी आम्ही चौघं बसलो होतो आणि तो उघडायला जागाच नव्हती.